एच-४वर जाताना लायसन्स
ताई, सून एच-४वर (तिथं एच व्हिसावर काम करणाऱ्याच्या कुटुंबाला मिळणारा व्हिसा) अमेरिकेला निघालीय, गाडी चालवायला इंटरनॅशनल परमिट पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. कोल्हापूर आरटीओतून काढून ठेवा की! फी १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त १ वर्ष, आणि मूळ लायसन्स सोबत हवंच. पण तिथं राहायचं म्हटल्यावर त्या राज्याचं लायसन्स काढावं लागतंय. नियम राज्यागणिक वेगळे. खरी अडचण कागदांची. कामाची परवानगी नसेल तर एच-४वाल्यांना सहसा सोशल सिक्युरिटी नंबर (तिथला सरकारी ओळख क्रमांक) मिळत नाही. मग तो मिळत नसल्याचं सोशल सिक्युरिटी ऑफिसचं पत्र लायसन्ससाठी बऱ्याच ठिकाणी मागतात. लायसन्सची मुदतही बहुधा आय-९४च्या (अमेरिकेत शिरल्याची आणि किती दिवस राहता येईल याची सरकारी नोंद) तारखेपर्यंतच. रोड टेस्टला स्टॉपच्या पाटीपाशी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता मोकळा असला तरी. दसरा चौकातली सवय तेवढी इथंच ठेवून जा म्हणावं.