डेडलिफ्टमध्ये बार पकडतानाच कंबर गोल होते : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझे वय ४२ आहे. पूर्वी तालमीत नियमित जोर-बैठका काढत असे, आता घराजवळच्या एका लहान जिममध्ये वजनाचा व्यायाम शिकतो आहे. स्क्वॅट (वजन घेऊन काढायची बैठक) बऱ्यापैकी जमू लागला, मात्र डेडलिफ्टपाशी, म्हणजे प्लेट लावलेला लोखंडी दांडा (बार) जमिनीवरून उचलून सरळ उभे राहण्याच्या व्यायामापाशी, गाडी अडली आहे. पाठीशी खेळ नको, म्हणून वजन वाढवण्याआधी जाणकारांना विचारत आहे.

बार तळपायाच्या मध्यावर येईल, म्हणजे नडगीपासून साधारण दोन बोटे अंतरावर राहील, असा मी उभा राहतो. वाकायला सुरुवात केली की पाठ सरळ असते, पण बारपर्यंत हात पोहोचण्याच्या शेवटच्या टप्प्यात कंबरेचा भाग गोल होतो. मोबाइलवर बाजूने चित्रण केले तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली: बार जमिनीवरून सुटण्याआधीच नितंब वर जातात आणि खांदे होते तिथेच राहतात. दुखत काहीच नाही, पण दुसऱ्या दिवशी मांड्यांच्या मागच्या बाजूऐवजी कंबरच भरून येते.

सध्या २० किलोचा बार आणि दोन्ही बाजूंना १० किलोच्या लोखंडी प्लेट, असे ४० किलो उचलतो. या प्लेट आकाराने लहान असल्यामुळे बार फारच खाली राहतो. तो उंचावर ठेवून सराव केला तर चुकीची सवय लागेल का? नितंब सुरुवातीला किती खाली असावेत? ट्रेनर कंबरपट्टा बांधायला सांगतात, तो आतापासूनच वापरावा का?

प्रतिसाद :

आपल्या अडचणीचे मूळ बहुधा प्लेटच्या आकारात आहे, म्हणून आधी त्याविषयी. स्पर्धेतील मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर, साधारण एक वीत उंचीवर राहतो. लहान प्लेट लावल्या की तो कित्येक सेंटिमीटर खाली जातो, आणि मांडीमागचे स्नायू ताठर असतील तर तेवढे अंतर भरून काढण्यासाठी कंबर वाकते. दोन्ही बाजूंना प्लेटखाली आडव्या प्लेट किंवा भक्कम लाकडी ठोकळे ठेवून बार वीतभर उंचीवर आणावा. यात चुकीची सवय लागण्याचा प्रश्नच नाही. उलट व्यायामाची मूळ उंची तीच आहे.

नितंबांचे म्हणाल, तर बैठकांची सवय इथे आड येत असावी. बैठकीत गुडघे पुढे येतात आणि नितंब सरळ खाली जातात, तर डेडलिफ्टमध्ये नितंब मागे ढकलून धड पुढे झुकवायचे असते. आपण फार खाली बसत असाल, तर बार सुटण्याआधी शरीर नितंब वर नेऊन स्वतःच योग्य जागा शोधते, आणि चित्रणात आपल्याला तेच दिसले. बाजूने पाहिले असता खांदे बारच्या किंचित पुढे असावेत. त्या स्थितीत नितंब गुडघ्यांच्या वर आणि खांद्यांच्या खाली येतात. नेमकी उंची प्रत्येकाच्या मांडीच्या व हाताच्या लांबीवर ठरते, त्यामुळे दुसऱ्याची नक्कल करू नये.

ही हालचाल अंगवळणी पडण्यासाठी बारशिवाय सराव करावा. पाठीवर एक काठी उभी धरावी. डोके, खवाट्यांमधला भाग आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी ती टेकलेली ठेवून, गुडघे किंचित वाकवून नितंब मागे न्यावेत. काठी कुठेही सुटली तर तिथेच थांबावे.

बार उचलताना एकदम हिसका देऊ नये, कारण बहुतेकांची पाठ त्याच क्षणी सुटते. पोटात, बाजूच्या बरगड्यांपर्यंत श्वास भरून धरावा, काखेत रुमाल घट्ट दाबून धरल्यासारखे दंड अंगाशी घ्यावेत, आणि हात ताठ ठेवून हळूहळू ताण वाढवावा. बार प्लेटच्या भोकात वरच्या बाजूला टेकल्याचा बारीक ‘खट्’ आवाज येतो. तो आला की मगच पायांनी जमीन खाली दाबावी. बार पायांना लागूनच वर आला पाहिजे. वर पोहोचल्यावर सरळ उभे राहणे पुरेसे आहे, मागे झुकू नये. प्रत्येक वेळी बार जमिनीवर पूर्ण टेकवून, पुन्हा श्वास घेऊन पुढची उचल करावी.

धावण्याचे मऊ तळव्यांचे बूट टाळून सपाट तळव्याचे कापडी बूट घालावेत. कंबरपट्ट्याची ४० किलोला गरज नाही. पट्टा पोटाला दाब देण्यासाठी आधार पुरवतो, गोल झालेली पाठ तो सरळ करत नाही. मात्र कंबरेतून पायात कळ किंवा मुंग्या आल्या, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.