राहिलेला तिसरा डोस आणि अँटीबॉडीची तपासणी

प्रश्न असा, की हेपटायटिस बी (यकृताला होणारा विषाणूचा संसर्ग) लशीचे दोन डोस झाले, तिसरा चार वर्षं राहिला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का? नाही. राहिलेला डोस तेवढा घ्यायचा. ०, १ आणि ६ महिने हे नेहमीचं वेळापत्रक. उशीर चालतो, घाई मात्र चालत नाही. पहिल्या-दुसऱ्यात किमान ४ आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात ८ आणि पहिल्या-तिसऱ्यात १६ आठवडे हवेतच.

इंजेक्शन दंडाच्या स्नायूत घ्या. कुल्ल्यावर घेतलं तर लस बऱ्याचदा चरबीतच राहते आणि प्रतिकारशक्ती नीट तयार होत नाही.

'एचबीएसएजी (रक्तात या विषाणूचं पृष्ठभागावरचं प्रथिन शोधणारी तपासणी) निगेटिव्ह, म्हणजे मी सुरक्षित' हा निष्कर्ष चुकीचा आहे. त्याचा अर्थ सध्या संसर्ग आढळला नाही, एवढाच. संरक्षण कळतं ते अँटी-एचबीएसवरून, म्हणजे त्या प्रथिनाविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडीच्या प्रमाणावरून. शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी ते १० mIU/mL किंवा जास्त हवं. ही तपासणी सगळ्यांना लागत नाही. आरोग्यसेवेतले, डायलिसिसवरचे, जोडीदाराला संसर्ग असलेले यांनी मात्र करावी. १० च्या खाली आलं तर पुन्हा तीन डोस घेऊन परत तपासायचं. दहा वर्षांनी तपासून आकडा कमी आला म्हणून घाबरू नका (इथेच बरेच जण उगाच धास्तावतात). निरोगी माणसात विषाणू ओळखण्याची पेशींची स्मृती टिकून असते.

आणखी एक: लस घेतल्यावर लगेच एचबीएसएजी तपासू नका. लशीतलंच प्रथिन सापडून काही दिवस खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. महिनाभर थांबा.