सुताराला जास्त मजुरी दिली, ती वसूल झाली का? तुमचे अनुभव सांगा

दिवेघाट
पुण्यात जुना फ्लॅट घेतलाय. वॉर्डरोब, दारं, देवघर असं सगळं सुतारकाम करायचंय. कोटेशनं आली आहेत. प्लाय तोच, सनमायका तोच, पण मजुरीत जवळपास दुपटीचा फरक.

महागवाले मिस्त्री आले आणि टेप काढायच्या आधी त्यांनी कोपऱ्याला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला, भिंतीवरून ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ उभी आहे का ते बघायला) सोडला. म्हणाले, "साहेब, भिंत वरच्या बाजूला पाऊण इंच पुढे आलीये. कपाट ओळंब्यात उभं करायचं की भिंतीला धरून, ते आधी ठरवू." बाकीच्यांनी मोबाइलवर फोटो काढले आणि तिथल्या तिथे स्क्वेअर फुटाचा भाव सांगितला.

माझं मन महागाकडे झुकतंय. घरचे म्हणतात, शेवटी सनमायकाच दिसणार आहे, उगाच पैसे कशाला घालवायचे. ज्यांनी चांगल्या सुताराला पैसे मोजलेत त्यांनी लिहा, फरक नेमका कुठे दिसला? वाईट अनुभवही चालेल, फक्त माणसाचं किंवा दुकानाचं नाव नको.

कर्लीकाठ
आमचं घर कुडाळच्या बाजूला. पुढचं दार फणसाचं, आजोबांच्या वेळचं. भर पावसात ते चौकटीत असं अडकायला लागलं की खांदा लावल्याशिवाय उघडेना. गणपतीला मुंबईहून आलेल्या काकांना हे सहन होईना. त्यांनी बाजारातून एक सुतार पकडून आणला, तो रंधा घेऊन तयारच. तेवढ्यात आमचे नेहमीचे मेस्त्री आले आणि त्यांनी दाराला हातच लावू दिला नाही. "आता रंधो मारलंय तर शिमग्याक फटीतसून मांजर येतला-जातला."

लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत फुगतं आणि आकसतं. पावसात फुगलेलं दार तासून बेताचं केलं की उन्हाळ्यात ते सैल पडणारच. मेस्त्रींनी त्या दिवशी वरच्या बिजागरीचे ढिले स्क्रू काढून भोकात लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, स्क्रू पुन्हा आवळले, कडेला मेण फिरवलं, आणि बाकीचं काम दिवाळीनंतर करू म्हणाले. मजुरी? चहा आणि दोन मोदक.

दिवाळीनंतर दार उतरवलं तेव्हा खरा रोग कळला. दाराची वरची आणि खालची कड कोरीच होती. तिथे पॉलिश कोण करणार, दिसते कुणाला? पण लाकडाचे रेषे तिथे तोडलेले असतात आणि पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं. त्यांनी दोन्ही कडा घासून त्यावर पॉलिशचे हात चढवले, अगदी थोडा रंधा मारला आणि दार परत बसवलं. पुढच्या पावसाळ्यात दार घट्ट झालं, पण अडकलं नाही.

मग देवघराची दारंही त्यांच्याकडूनच करून घेतली, सागवानी. लाकूड निवडताना कडेचा पांढरा भाग असलेल्या फळ्या त्यांनी बाजूला काढल्या. साग टिकतो तो आतल्या गाभ्यामुळे, पांढऱ्या भागात भुंगा लागतो. चौकटीच्या खाचेत मधली फळी बसवली ती फेविकॉल न लावता, मोकळी. काकांनी लगेच विचारलं, "गोंद विसरलात काय?" विसरले नव्हते. फळीला फुगायला-आकसायला जागा ठेवली होती, नाहीतर तीच मधोमध तडकते.

रविवारचा_गृहपाठ
@दिवेघाट, "शेवटी सनमायकाच दिसणार" या वाक्याने मी फसता फसता वाचलो, म्हणून लिहितो. आमच्या शेजाऱ्यांनी आणि आम्ही एकाच सुमारास वॉर्डरोब केले. त्यांच्या सुताराने शटरला बाहेरून सनमायका लावला, आतून नुसता रंग. आमच्याने आतून लायनर, म्हणजे सनमायकासारखाच पातळ पत्रा, लावायला लावला. मी वाद घातला, आत कोण बघतंय? ते म्हणाले, एकाच बाजूला लावलं की सात फुटी शटरला बाक येणार. शेजाऱ्यांची शटरं आता खालून बंद होतात आणि वरून बोट जाईल एवढी उघडी राहतात.

पुस्तकांच्या फळ्यांचंही तसंच. मला चार फूट सलग फळी हवी होती, मध्ये उभा आधार नको होता. १८ मिमीचा प्लाय पुस्तकांच्या वजनाने झोल खाणार असं सांगून त्यांनी पुढच्या कडेला दीड इंची सागवानी पट्टी उभी लावली. अजून सरळ आहेत.

नाटेकर_नाही
लेबर रेट की मटेरियलसकट, ते आधी ठरवा. बाकी चर्चा नंतर.

मटेरियलसकट दिलंत तर प्लायवर शिक्का बघा. आयएस ३०३ म्हणजे साध्या वापराचा प्लाय, आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्यापुढे टिकणारा. ७१० ला ७२ तास उकळत्या पाण्याची चाचणी असते. सिंकखाली तोच, बेडरूममध्ये त्याची गरज नाही. आमच्या मिस्त्रींनीच सगळीकडे मरीन घालू नका म्हणून सांगितलं, तेव्हाच माणूस ओळखला. प्लायच्या दुकानातून सुताराला कमिशन मिळतं हे उघड गुपित आहे, आणि हा गडी स्वतःचं कमिशन कमी करत होता.

अनघा_घरटं
माझे बाबा सुतार. आता हात थरथरतात म्हणून काम बंद केलंय. हे सगळं वाचून त्यांच्या बाजूचं थोडं लिहिते.

ते रोजावर काम करायचे तेव्हा सकाळी पहिला वेळ धार लावण्यात जायचा. पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी), रंध्याचं पातं, सगळं दगडावर. मालकांच्या घरचे दारात उभे राहून घड्याळ बघायचे. एका बाईंनी तर आईजवळ तक्रार केली होती की तुमचे हे तासभर दगड घासत बसतात, त्याचेही पैसे आम्हीच द्यायचे का? पण बोथट पटाशीने बिजागरीची खाच केली की कडा फाटतात, बिजागरी नीट बसत नाही आणि दार आपोआप उघडतं किंवा आपोआप मिटतं. असं दार तुमच्याही घरी एखादं असेल.

दुसरं म्हणजे व्हिनियर, प्लायवर चिकटवतात तो खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा. एका ओळीत चार ड्रॉवर असतील तर चारही ड्रॉवरचे पुढचे भाग बाबा एकाच शीटमधून, एकाखाली एक कापायचे. लाकडाची रेघ वरच्या ड्रॉवरपासून खालच्यापर्यंत न तुटता उतरायची. यात शीट जास्त लागते. मालकाला वाटायचं, हा माल वाया घालवतोय. एका मालकाने उरलेले तुकडे मोजून त्याचे पैसे हिशेबातून कापले होते. बाबांनी भांडण केलं नाही, पण त्या घरी परत गेले नाहीत. पुढे त्या माणसाने माझ्या लग्नातच गाठून विचारलं, "मिस्त्री, किचनचं कधी करताय?" बाबा म्हणाले, "आधी जेवून घ्या."

हडसनपार
न्यू जर्सीहून. इथे घराचा लाकडी सांगाडा उभा करणारे वेगळे आणि शेवटचं बारीक काम करणारा फिनिश कार्पेंटर वेगळा. दाराभोवतीच्या पट्ट्या, जमिनीलगतची स्कर्टिंग, छताजवळचं मोल्डिंग, जिना ही सगळी त्याची कामं.

आधी हँडीमॅनकडून स्कर्टिंग करून घेतलं होतं. आतल्या कोपऱ्यात त्याने दोन्ही पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडल्या. तेव्हा छान दिसलं. हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं, हवा कोरडी पडली, लाकूड आकसलं आणि प्रत्येक कोपऱ्यात काळी रेघ. पुढे खालचा मजला केला तेव्हा अनुभवी माणूस बोलावला. त्याने एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत नेली आणि दुसरीच्या टोकाला पहिलीच्या नक्षीचा आकार हाताच्या बारीक करवतीने कोरून ती तिच्यावर बसवली. भिंती काटकोनात नसल्या तरी असा सांधा मिटतो आणि लाकूड हललं तरी फारसा उघडत नाही. पैसे भरपूर घेतले, हे खरं. पण मी त्याच्या मागे उभा राहून नुसतं बघत होतो, ऑफिसची मीटिंग म्यूट करून.

स्पष्टवक्ती
सगळे सुतारांच्या प्रेमात पडलेले दिसतात, म्हणून थोडं उलट. आमचे मिस्त्री हाताने उत्तम, पण मधेच गावी जायचे, फोन बंद. घरात भुसा, फेविकॉलचा वास, सासूबाईंचा दमा. शेवटी किचनची कपाटं फॅक्टरीतून करून घेतली आणि पस्तावले नाही. ओळीने सारखे खोके बनवायचे तर मशीनच बरं, एज बँड, म्हणजे प्लायच्या कडेला चिकटवायची पट्टी, तीही हाताच्या कामापेक्षा चांगली बसते. फॅक्टरीवाल्यांची अडचण झाली ती कडेला. भिंत वाकडी, त्यामुळे शेवटच्या कपाटाशेजारी वर कमी आणि खाली जास्त अशी फट राहिली. ते सिलिकॉन भरून निघून गेले. मग मिस्त्रींनाच बोलावलं. त्यांनी भिंतीचा चढउतार पट्टीवर पेन्सिलने उतरवून घेतला, पट्टी तेवढीच तासली आणि बसवली. अर्ध्या दिवसाचं काम. मागतील तेवढे दिले.

दिवेघाट
सगळ्यांचे आभार. स्पष्टवक्ती, तुमचा हिशेब घरी पटलाय: किचन फॅक्टरीतून, बाकीचं मिस्त्रींकडून. त्यांचं आधीचं एक काम बघायला जातोय. तिथे काय बघू?

अनघा_घरटं
समोरून बघू नका, समोरून सगळ्यांचं चांगलंच दिसतं. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून मागची बाजू बघा. शटर अर्धवट उघडून सोडा, तिथेच थांबतंय का? कडेच्या पट्टीवरून नख फिरवा, अडकलं तर सांधा नीट घासलेला नाही. स्क्रूची डोकी सगळी खोल बसलीत का? आणि काम निदान दोन पावसाळे जुनं असू द्या.

कर्लीकाठ
आणि दाराच्या वरच्या कडेवर हात फिरवून बघा. स्टूल मागून घ्या.