संगमरवरी फलकावरचा रोमन सम्राट: कोण आणि कोणत्या काळातला?

प्रश्न
आमच्या घरात तीन पिढ्यांपासून पांढऱ्या संगमरवराचा एक लंबगोल फलक आहे. त्याची उंची ३८ सेंटिमीटर, रुंदी ३० सेंटिमीटर, जाडी ५ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ११ किलो आहे. त्यावर उजवीकडे पाहणाऱ्या, दाढी नसलेल्या एका प्रौढ पुरुषाचा चेहरा उठावात कोरलेला असून कपाळ रुंद, केस विरळ, मान जाड आणि डोक्यावर लॉरेलच्या पानांचे वेष्टन आहे. कडेने कोरलेली रोमन अक्षरे बरीच झिजली आहेत. दगडावर पिवळसर छटा आली आहे आणि मागे दोन लोखंडी आकडे बसवलेले आहेत. हा राजा कोण असावा, फलक खरोखर प्राचीन आहे का आणि तो स्वच्छ करावा का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १
वर्णनावरून मला हा व्हेस्पासियन वाटतो. इ.स. ६९ ते ७९ या काळात राज्य केलेल्या या सम्राटाच्या नाण्यांवर असाच चौकोनी, सुरकुतलेला, विरळ केसांचा चेहरा दिसतो. पूर्ण दाढी राखणारा पहिला सम्राट हेड्रियन असल्याने त्याच्यानंतरचे बरेच जण येथे आपोआप बाद होतात. रोमन चरित्रकार सुएटोनियसने ज्युलियस सीझरपासून डोमिशियनपर्यंत ज्या बारा जणांची चरित्रे लिहिली, त्यांच्या मुखाकृतींचे संच प्रबोधनकाळापासून युरोपात फार आवडीने केले जात आणि शिल्पकार चेहऱ्यांसाठी रोमन नाण्यांचाच आधार घेत. तुमचा फलक अशा संचातून सुटलेला असण्याची शक्यता मला अधिक दिसते.

अक्षरे मात्र नीट पाहा. प्राचीन रोमन लेखांत ‘यू’साठीही ‘व्ही’चेच टोकदार चिन्ह कोरत. त्यामुळे गोलाकार ‘यू’ आढळला तर काम निश्चितच पुढच्या काळातले आहे. टोकदार चिन्हाने उलट काहीच सिद्ध होत नाही, कारण नंतरचे कारागीरही प्राचीन वळण जाणीवपूर्वक गिरवीत.

उत्तर २
चेहऱ्यापेक्षा पाठ अधिक बोलते. सपाट लंबगोल ठोकळा धरल्यास तुमच्या मापांचे घनफळ सुमारे ४,५०० घन सेंटिमीटर होते. संगमरवराची घनता २.७ धरली तर वजन १२ किलो येते आणि कोरून काढलेला भाग वजा जाता ११ किलो पटण्यासारखे आहे. म्हणजे राळेत संगमरवराची भुकटी मिसळून ओतलेली ही प्रतिकृती नसावी, कारण तशी वस्तू सहसा हलकी भरते. तरीही केसांच्या खाचांत हवेचे बारीक बुडबुडे किंवा कडेला साच्याची शिवण दिसते का, हे भिंगातून तपासा. पाठीवर वर्तुळाकार करवतीच्या कमानदार रेघा असतील तर दगड यंत्रावर कापलेला आहे.

उत्तर ३
पिवळसर छटेवरून कोणीही काळ ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे. धूर, मेण, तेलकट हात किंवा मुद्दाम लावलेला चहाचा काढासुद्धा तशी छटा देतो. अंधारात अतिनील दिवा धरून पाहावे, कारण ताजा कापलेला संगमरवर जांभळट दिसतो आणि जुना पृष्ठभाग बहुधा मधासारखा, ठिकठिकाणी निरनिराळ्या छटेत उजळतो. मात्र रंग एकसारखा, एखाद्या थरासारखा दिसला तर तो लेप असू शकतो. लिंबू, व्हिनेगर किंवा फरशी धुण्याचे आम्ल कृपया वापरू नका. संगमरवर हा मुख्यतः कॅल्साइट असल्याने आम्लाने तो विरघळतो आणि कोरीव कामाच्या धारा कायमच्या जातात.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. भिंगातून बुडबुडे किंवा शिवण आढळली नाही, पाठीवर दातेरी छिन्नीच्या समांतर खुणा आहेत आणि एका शब्दात गोल ‘यू’ स्पष्ट वाचता येतो. प्राचीनत्वाची आशा सोडावी लागली, पण फलक हाताने कोरलेला आहे याचे समाधान मोठे आहे. आकड्यांभोवती एक केसासारखी चीर मात्र आत्ताच लक्षात आली.

उत्तर २
ही चीर सर्वांत तातडीची आहे. गंजताना लोखंड फुगते आणि दगड आतून फोडते. म्हणून फलक आजच भिंतीवरून उतरवून मऊ आधारावर आडवा ठेवा. आकडे स्वतः उपटू नका, शिल्पसंवर्धकाकडूनच काढवून घ्या आणि त्यांच्या जागी न गंजणाऱ्या पोलादाचे आकडे बसवून घ्या.