शब्दचर्चा : ‘संधिसाधू जिवाणू’ आणि ‘काटा मोडणे’

वरुड : संत्र्याच्या बागेत जंबेरीचे फुटवे काढताना बाबांच्या गुडघ्यात काटा गेला. जखम भरली, पण काही आठवड्यांनी गुडघा टम्म सुजला. सांध्यातलं पाणी तपासलं, तर रिपोर्टवर ‘पँटोइया अ‍ॅग्लोमेरन्स’. डॉक्टर म्हणाले, ‘संधिसाधू जिवाणू आहे.’ घरच्यांना वाटलं, संधिवाताचा. नेमका अर्थ काय?

अमरावती : संधिवातातली संधी म्हणजे सांधा. संधिसाधूतली संधी म्हणजे मोका. हा जिवाणू पानांवर, बियांवर, मातीत राहतो आणि धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. काट्याबरोबर खोल गेला, किंवा तान्हं बाळ, अशक्त रुग्ण, सलाइनची नळी असा मोका मिळाला, की बाधतो. १९७०-७१ मध्ये अमेरिकेत सलाइनच्या दूषित बाटल्यांमधून याच जातीचे जिवाणू अनेक रुग्णांच्या रक्तात गेले होते. जुन्या कागदांवर ‘एंटेरोबॅक्टर अ‍ॅग्लोमेरन्स’ दिसेल. पँटोइया हे नाव १९८९ पासूनचं.

अकोला : मला ‘संधिसाधू’ खटकतो. आपल्याकडे तो पक्ष बदलणाऱ्याला लावतात, त्यात लबाडी आली. याच जिवाणूचे काही वाण सफरचंद-नासपतीवरचा रोग रोखायला फवारतात! ‘एरवी निरुपद्रवी’ असं आधी सांगून मगच तो शब्द वापरावा.

यवतमाळ : भाऊ, नावापेक्षा क्रियापद महत्त्वाचं. ‘काटा टोचला’ म्हणजे गेला आणि निघाला. ‘काटा मोडला’ म्हणजे टोक आतच राहिलं. ‘सलतो’ म्हणजे अजूनही आहे. दवाखान्यात आपण नुसतं ‘काटा लागला होता’ म्हणतो, कधी कधी तेवढंही सांगत नाही, कारण तोवर विसरलेलो असतो. काट्याचा तुकडा एक्स-रेत बहुधा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसू शकतो. तो आत असला तर गोळ्यांनी सूज उतरते अन् पुन्हा येते. म्हणून ‘मोडला, अजून सलतो’ असंच सांगा, कोणत्या झाडाचा तेही सांगा. पऱ्हाटीच्या, तुरीच्या धसकटालाही हेच लागू.

वर्धा : एक भर. जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीतही हा जिवाणू सापडतो. तिथे तो अंगात वाढतोच असं नाही. त्याच्या कवचातलं विष श्वासातून जातं आणि छाती भरते. त्याला ‘संसर्ग’ म्हणू नये. ‘धूळ बाधली’ हेच बरोबर.