इकोनंतरही एमआरआय का
'इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचं पंपिंग कमी दिसलंच आहे, मग एमआरआयचा खर्च कशाला' हे मत मला पटत नाही. इकोत हृदयाचा जोर कळतो. हृदयाच्या स्नायूत व्रण (इजेची खूण) कुठे आहे ते एमआरआयमध्ये कळतं. गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्ट औषधाचं इंजेक्शन दिल्यावर साधारण १० मिनिटांनी काढलेल्या चित्रांत व्रण पांढरा उठून दिसतो. रक्तवाहिनी तुंबून झालेला व्रण आतल्या थरापासून सुरू होतो, स्नायूच्याच आजारात तो बरेचदा मधल्या थरात असतो.

देवगडच्या मामेभावाला गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूरला नेलं तेव्हा हे समजलं. एमआरआयमध्ये चित्र काढताना दर वेळी १०-१५ सेकंद श्वास रोखावा लागतो. कलमांच्या बागेत राबणारा माणूस, पण धाप लागायची. आठवडाभर ओटीवर बसून सराव केला म्हणून चित्रं स्वच्छ आली. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्टही सोबत न्या.