नवरा आखातात आणि कार्ड केशरी: हक्क की लबाडी?

जगबुडीकाठचा
काल इथे एका सदस्याने लिहिले की, आखातात राबणारा माणूस सरकारकडून काही घेत नाही, उलट परकीय चलन पाठवतो, तेव्हा त्याच्या बायकोने लाडक्या बहिणीचे दीड हजार आणि रेशनचे धान्य घेतले तर कोणाच्या पोटात दुखायचे कारण नाही. माझ्या दुखते, आणि का दुखते ते सविस्तर सांगतो.

लाडक्या बहिणीच्या अर्जासोबत जे हमीपत्र सही करून दिले गेले, त्यात कुटुंबाचे एकत्रित वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा अधिक नाही, असे स्पष्ट लिहिलेले आहे. तिथे ‘भारतात मिळवलेले’ असा शब्द नाही. अनिवासी माणसाला परदेशातल्या पगारावर इथे आयकर लागत नाही, त्यामुळे तो विवरणपत्र भरत नाही, आणि आयकर खात्याच्या यादीत नसल्यामुळे ‘कुटुंबात आयकरदाता नाही’ या ओळीपुढची खूण तांत्रिकदृष्ट्या खरी ठरते. केशरी किंवा पिवळे कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही मागत नव्हते. ते कार्ड मात्र नवरा गावात रिक्षा चालवत होता तेव्हाच्या दाखल्यावर मिळालेले असते. म्हणजे योजना कार्डावर विसंबते, कार्ड जुन्या दाखल्यावर विसंबते, आणि तो दाखला तलाठ्याने शेजाऱ्याला विचारून दिलेला असतो.

दिरहम तेवीस-चोवीस रुपयांना धरला, तर महिना हजार दिरहम पगाराचे वर्षाला पावणेतीन लाखांच्या वर होतात. हजार दिरहम हा हेल्परचा पगार झाला, फोरमनचा नव्हे. आमच्या वाडीत दुमजली घर, वर एसी, दारात नवऱ्याने सुट्टीत येऊन भावाच्या नावावर घेतलेली गाडी, आणि रास्त भाव दुकानात ई-पॉसवर अंगठा लावायला बाई पहिल्या नंबरला. तिच्या मागे उभ्या असलेल्या कातकरी बाईचा अंगठा मशीन तीनदा नाकारते आणि तिला परत पाठवतात, हे मी स्वतः पाहिले आहे.

मंडणगडची_सून
दुसऱ्याच्या घरचा एसी आणि दारातली गाडी मोजण्याइतका वेळ आपल्याकडे आहे, याचे कौतुक वाटते. आता माझ्या बहिणीचे ऐका. तिचा नवरा शारजाला बांधकामावर आहे. आपल्या त्या हजार दिरहमांतून रूम आणि मेसचे चारशे जातात, उरलेल्यातून व्हिसासाठी काढलेले एजंटचे कर्ज फिटते, आणि घरी येते ते सासूच्या खात्यावर येते. एका वर्षी कंपनीने काही महिने पगारच दिला नाही आणि पासपोर्टही अडकवून ठेवला. त्या काळात त्या घरात चूल पेटली ती याच रेशनच्या तांदळावर. कार्ड पांढरे करून घेतले असते तर आपण एक पोते पाठवले असते का?

आणि दीड हजारांबद्दल सांगायचे, तर लग्नाला बारा वर्षे झाल्यावर तिच्या स्वतःच्या नावाने बँकेत आलेले ते पहिले पैसे आहेत. नवऱ्याचा पगार ‘कुटुंबाचा’ असतो हे शासनाला वाटते. घरात तो कोणाचा असतो ते सुनांना विचारा.

हिशेबनीस
दोघांचीही गणिते अर्धवट आहेत. हमीपत्रात उत्पन्न म्हटले आहे, शिल्लक नव्हे. मुंबईत वीस-बावीस हजारांवर काम करणारा कामगारही खोलीचे भाडे आणि खानावळ भरतो. त्याला ती वजावट कोणी देत नाही.

दुसरे असे की, परकीय चलनाची फुशारकी जरा जपून मारावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून देशात पाठवल्या जाणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के आणि केरळचा १९.७ टक्के आहे हे खरे, पण त्याच पाहणीत देशात येणारा सर्वाधिक पैसा अमेरिकेतून येतो, अमिरातीतून नव्हे. घ्यायचाच तर केरळचा धडा घ्यावा. त्यांनी २००८ साली कायदा करून प्रवासी केरळीयांचे कल्याण मंडळ उभे केले. सदस्य वर्गणी भरतात आणि साठीनंतर निवृत्तिवेतन घेतात. पगार बुडाला तर काय, या प्रश्नाचे उत्तर तशा मंडळात शोधायला हवे, खोट्या हमीपत्रात नाही.

निवृत्त_कंडक्टर
अमेरिकेचा विषय निघालाच आहे, तर मलाही बोलू द्या. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्या सर्वांना एसटी फुकट झाली, तेव्हा मी स्वारगेटच्या गाड्यांवर होतो. खिडकीच्या सीटसाठी भांडून, आधार कार्ड माझ्या नाकासमोर धरून, पुढे तासभर मुलाच्या न्यू जर्सीतल्या बंगल्याचे वर्णन करणारे प्रवासी मी शून्य रकमेचे तिकीट फाडून बसवले आहेत. त्यांना कोणी लबाड म्हणत नाही. मंडणगडच्या बाईने पाच किलो तांदूळ घेतला की मात्र धागा निघतो. हा फरक कशाचा आहे, आडनावांचा की पेठांचा, ते ज्याचे त्याने ठरवावे.

कर्वे_रोड_७८
मी त्याच प्रवाशांपैकी एक आहे, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे. माझा मुलगा सतरा वर्षे तिकडे आहे. मुलगा परदेशी म्हणजे घरात डॉलरचा नळ सोडलेला आहे, अशी आपली समजूत दिसते. तो दिवाळीला फोन करतो. घर माझ्या पेन्शनवर चालते आणि त्यावर मी कर भरते. रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत काढून घेतली, ती अजून दिलेली नाही. निदान एसटीची तरी आमच्या तोंडून काढून घेऊ नका. शिवाय ती सवलत वयावर आहे, उत्पन्नावर नाही. मी कोणतेही खोटे हमीपत्र दिलेले नाही.

मंडणगडची_सून
काकू, आपल्या मुलाचा पगार आपल्या घरात येत नाही म्हणून तो धरू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. आता हेच वाक्य शारजातल्या नवऱ्याबद्दल कोणी म्हटले तर ते लबाडी का ठरते, एवढेच सांगा.

कर्वे_रोड_७८
कारण नवरा-बायको आणि अविवाहित मुले मिळून त्या योजनेतले कुटुंब होते, विवाहित मुलगा त्यात येत नाही. नियम मी केलेला नाही. बाकी, सासूच्या खात्यावर पैसे जातात ते चूक आहे, यात शंका नाही. पण ते भांडण सासूशी करायचे आहे, सरकारशी नाही.

निवृत्त_कंडक्टर
नियम आपल्या सोयीचा असला की तो ‘मी केलेला नाही’, आणि गैरसोयीचा असला की रेल्वेचा अन्याय. पुण्याहून गाडी सुटताना हे ऐकतच नोकरी गेली.

जगबुडीकाठचा
एसटीवरून उतरून मूळ मुद्द्यावर येऊ या. सर्वांना वयावर मिळणारी सवलत आणि गरिबीची सही घेऊन मिळणारा पैसा यांत फरक आहे, तो कंडक्टरसाहेबांना कळतो, पण मान्य करायचा नाही. आडनावांचा टोमणा मला लागू नाही. आमच्या वाडीत बोटीवर आणि गल्फमध्ये सगळ्याच आळ्यांतली माणसे आहेत आणि सगळ्याच आळ्यांत केशरी कार्डे आहेत.

ताईंच्या बहिणीचे प्रकरण वेगळे आहे, हे मी मान्य करतो. हजार दिरहमवाल्याच्या घरात दीड हजार जात असतील तर जाऊ देत. नियमात बसत नाही, पण त्यावर मी आता ऊर बडवणार नाही. धान्याचे मात्र मान्य नाही. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागातली मर्यादा वर्षाला ४४ हजार आहे. म्हणजे महिन्याला दीडशे-एकशे साठ दिरहम झाले. एवढ्या पगारावर आखातात कोण जातो? आणि लाभार्थ्यांचा कोटा ठरलेला असतो. एक नाव अडून बसले की दुसऱ्याला ‘इष्टांक शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते. ‘दवाखान्यासाठी कार्ड ठेवतो’ हे कारणही आता उरलेले नाही, कारण महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून पांढऱ्या कार्डालाही लागू आहे.

मंडणगडची_सून
ऊर बडवणार नसल्याबद्दल आम्ही बहिणी आपल्या ऋणी आहोत. पगार वेळेवर येत आहे तोवर धान्य सोडावे, हे मी तिला सांगेन. पण पगार थांबला की नाव परत किती दिवसांत चढते, ते पुरवठा शाखेकडून लेखी आणून द्यावे. नाव कमी करणे एका अर्जाचे काम आहे आणि चढवायला वर्ष जाते, म्हणून कोणी सोडत नाही.

हिशेबनीस
तशीही शासनाने चाळणी लावलीच आहे. लाडक्या बहिणीच्या सप्टेंबर २०२५ पासूनच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला आणि ओटीपी त्याच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो.

मंडणगडची_सून
माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा तो नंबर दोन वर्षांपूर्वी रिचार्जअभावी बंद झाला आणि आज कोणा दुसऱ्याच माणसाकडे आहे. नवऱ्याचा पगार कोणीही तपासलेला नाही. ती अडकली आहे ती सिमकार्डावर. आणि दारात भावाच्या नावावर गाडी असलेल्या घरातल्या नवऱ्याचे सिम चालू असल्यामुळे त्या बाईची केवायसी पहिल्याच दिवशी झाली. जगबुडीकाठच्या साहेबांनी आता त्यावर धागा काढावा.